आमच्याकडे ऐंशी टीबी आहे!

"आठवडाभरात धाकटीपेक्षा मोठी पेटी घरात आणून दाखवली नाही, तर दारावरची पाटी उतरवीन!" अशी प्रतिज्ञा मी केली, तेव्हा माझ्या चिमट्यात एका गृहस्थांची नुकतीच उपटलेली दाढ होती. गृहस्थ दचकले. त्यांना वाटलं, मी दाढेलाच दम देतेय!

दाढेचा काही संबंध नव्हता. मी दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे आयुष्यातले बरेचसे मोठे निर्णय मी कुणाच्या तरी तोंडात हात असतानाच घेते. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आणि पेटी म्हणजे... थांबा, नीट सांगते.

झालं असं, की भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, घरात एक काळी पेटी आणून बसवली. तिच्यात हार्डडिस्क. हार्डडिस्कमध्ये सिनेमे, नाटकं, गाणी, घरातली जुनी शूटिंगं, सगळं! टीव्हीसमोर बसायचं, रिमोट दाबायचा, हवं ते हजर. याला म्हणे घरचा मीडिया सर्व्हर म्हणतात. भाऊजींनी फोन करून मला तिची क्षमताही सांगितली. मी विचारलेली नसताना!

"वहिनी, बत्तीस टीबी! एक टीबी म्हणजे हजार जीबी. जन्मभर बघत बसलात तरी संपायचं नाही!"

बत्तीस! दातांच्या डॉक्टरला बत्तीस म्हणजे काय ते सांगायला नको. भरलेलं तोंड! त्यापुढे जागाच नाही! मी "अरे वा" म्हणाले. ते "अरे वा" इतकं कोरडं निघालं की मला वर ग्लासभर पाणी प्यावं लागलं.

तरी इथवर मी सहन केलं. पण सासूबाई ती पेटी बघायला म्हणून चार दिवस धाकटीकडे गेल्या, आणि परत येण्याचं नावच काढीनात!

आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, सासू दुसरीकडे रमली तर तू पाय पसरून झोप की! पहिले दोन दिवस मलाही तसंच वाटलं. मी घासलेली भांडी कुणी पुन्हा घासली नाहीत. मी कापलेल्या कांद्याकडे कुणी सुस्कारा टाकून पाहिलं नाही. फ्रिजचं दार उघडं राहिलं तरी मागून "हंऽऽ" आलं नाही. काय ती शांतता! तिसऱ्या दिवशी मी फ्रिजचं दार मुद्दाम उघडं ठेवलं आणि "हंऽऽ"ची वाट बघत उभी राहिले. आतलं दूध कोमट झालं, पण कुणी काही बोललं नाही. मला कसंतरीच झालं.

मी फोन लावला. "आई, कधी येताय?"

"बघते गं. इथं बरं चाललंय." आणि मागून कसलासा आवाज आला नि त्या खदखदून हसल्या. खदखदून! आमच्याकडे सासूबाई हसतात ते ओठ मिटून, पावती फाडल्यासारखं. आणि तिकडे खदखदून?

"काय झालं हो हसायला?"

"काही नाही गं, धाकटी आहे ना..." आणि पुन्हा हसू!

फोन ठेवला तेव्हा माझ्या हातातल्या दात कोरायच्या काडीचे दोन तुकडे झाले होते. हेवा वगैरे क्षुद्र भावना माझ्यात नाहीत. मला फक्त धाकटीची ती बत्तीशी डोळ्यांसमोरून हलेना!

जेवताना मी यांच्याकडे विषय काढला. आमचे हे लिफ्टची तपासणी करणारे निरीक्षक आहेत. जगातल्या कुठल्याही गोष्टीकडे ते कमाल भार किती, याच नजरेनं बघतात. लग्नाच्या आधी मला भेटायला आले, तेव्हा आमच्या सोफ्यावर बसण्यापूर्वी त्यांनी तो दोनदा दाबून पाहिला होता.

"अहो, आपणही पेटी घ्यायची. धाकटीच्या दुप्पट!"

"कशासाठी?"

"आईंसाठी."

"आईला सिनेमात गोडी कधीपासून? थिएटरात अंधार झाला की दहा मिनिटांत घोरते ती."

"तिकडे रोज बघतात! हसतात!"

"मग साधी एक डिस्क आण. शंभर सिनेमे पुष्कळ झाले."

"भाऊजींची बत्तीस टीबी आहे!"

"लिफ्ट सहा माणसांची पुरत असेल, तर वीस माणसांची कशाला बसवायची?" असं म्हणून यांनी भात कालवला. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे सतत तळमजल्यावर राहणं!

मी माझी माझी माहिती काढायला घेतली. आणि सांगते, दातांचं शिक्षण कशाला उपयोगी पडेल नेम नाही! सगळे घाबरतात त्या डिस्कच्या जुळणीला, मला ती दोन मिनिटांत कळली. सगळ्या डिस्क एका ओळीत बसवायच्या, आणि माहिती सगळ्यांत अशी वाटून ठेवायची की एखादी बिघडली तरी बाकीच्या सांभाळून घेतात. एक दात पडला म्हणून माणूस जेवायचं थांबतो का? दोन डिस्कांइतकी जागा या सांभाळण्यातच जाते. म्हणजे अक्कलदाढाच! चावायच्या कामाच्या नाहीत, पण तोंडात असाव्यात. राहता राहिला एकच प्रश्न: डिस्क किती, आणि कुठल्या?

आणि दुसऱ्याच दिवशी योगायोग बघा! रूट कॅनॉलला माझ्या खुर्चीत येऊन आडवा झाला तो चौकातल्या संगणकाच्या दुकानाचा मालक!

मी आधी त्याचा जबडा बधिर केला, तोंडाला रबराचा पडदा ताणला, कडेला लाळ ओढणारी नळी लावली आणि मग आरामात विचारलं, "बरं का, घरी मोठा मीडिया सर्व्हर करायचाय. किती डिस्क घेऊ?"

"आअ," दुकानदार म्हणाला.

"आठ? मलाही तेच वाटत होतं!"

त्यानं डोळे मोठे केले. "आँआँ! आअ! आअ!"

"कळलं हो, आठ. एकेक कितीची? दहा टीबीची घेतली तर ऐंशी होतात. ऐंशी बरे ना?"

यावर त्यानं बरंच मोठं भाषण केलं. "ओओओ आआ ए ईए ईई आएए ओआ!" मी अनेक वर्षं उघड्या तोंडांशी बोलतेय, त्यामुळे मला सगळं कळतं. तो म्हणत होता, घ्यायचं तर एकदाच मोठं घ्या, पुन्हा पुन्हा खर्च नको. किती व्यवहारी माणूस!

"तुमच्या दुकानातच फोन लावते." मी कोपरानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे त्याच्या दुकानातला विक्रेता होता. "तुमचे मालक इथं माझ्यासमोरच आहेत. आठ डिस्कची पेटी, दहा-दहा टीबीच्या डिस्क. आहे?"

"आठ डिस्कची नवी नाही, मॅडम. एका ऑफिसातून परत आलेली आहे, तिथं यंत्रांच्या खोलीत चालायची. पण ती घरात... साहेबांना विचारतो. साहेब, ही देऊ का?"

मी फोन दुकानदाराच्या तोंडाशी धरला. त्यानं दोन्ही हात जोरजोरात हलवले, पाय झाडले आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, "आआआऽऽ!"

"ठीक आहे साहेब!" विक्रेता म्हणाला. "मॅडम, परवा सकाळी पोचवतो."

दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं मोठं गिऱ्हाईक मिळाल्यावर कुणाच्याही येईल! जाताना अर्ध्या बधिर तोंडानं तो काहीतरी सांगायला लागला, पण मी दटावलं. "सूज आहे, अजिबात बोलायचं नाही! आज नाही, उद्याही नाही!" संध्याकाळी त्याचा फोनही आला. तोही मी तिथल्या तिथं बंद केला. रुग्णाच्या तब्येतीपुढे मी धंदा बघत नाही!

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी आली. पेटी कसली, कपाटच! दोन माणसांनी घाम गाळत वर आणली. यांनी दारातच विचारलं, "वजन किती?" आणि आकडा ऐकून त्यांनी फरशीकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं लोक दवाखान्यातल्या नातेवाइकाकडे बघतात.

"कुठे ठेवायची?"

"आईंच्या खोलीत!"

"मग आई कुठे झोपणार?"

"अहो, आई याव्यात म्हणून तर आणलीय!"

"हो, पण आल्यावर झोपणार कुठे?"

असले बारीकसारीक प्रश्न यांना फार! पलंग भिंतीला सरकवला, खुर्ची बाहेर काढली, पेटी बसली. ऑफिसात किती वर्षं पडली होती कोण जाणे, तिच्या जाळ्यांतून मूठमूठ धूळ निघाली. मी ती निम्मी फडक्यानं आणि निम्मी फुप्फुसांनी पुसली. मग यांनी बटण दाबलं.

आईशप्पथ! विमान निघालं! आधी भोंऽऽ, मग घूंऽऽ, आणि मग त्या आठ डिस्क एकदम अशा कडकडायला लागल्या, जसे थंडीनं आठ जणांचे दात वाजताहेत! समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. खोलीत तर अशी ऊब, की ओले टॉवेल वाळले असते.

"आवाज फार आहे," हे ओरडले.

"काय?"

"आवाज!"

"छान आहे ना!" मीही ओरडले, आणि खोकत खोकत दवाखान्यात गेले.

आता पुढचा घोटाळा समजायचा, तर आमच्या दवाखान्याच्या पुढच्या खोलीत बसणारी मुलगी माहीत हवी. रुग्णांची नावं ती लिहून घेते, आणि कानावर पडलेलं सगळं पुढे पोचवते. तिला आम्ही भोंगा म्हणतो. माझ्या आतल्या खोलीचं दार त्या दिवशी किंचित उघडं होतं, बाहेर पाच-सहा रुग्ण बसले होते, आणि यांचा फोन आला. पेटी एकटी घरात चालू ठेवून कामावर जायचं यांच्या जिवावर आलं होतं. मी आपली समजावत होते. माझ्याच बाजूचं बोलणं बाहेर जात होतं, ते असं:

"हो हो, ऐंशी टीबी! आपल्या घरात! खॉक खॉक! ... छे, आईंच्याच खोलीत. ... अहो, आठ आहेत, त्यातली एक गेली तर गेली! ... दोन गेल्या तरी घर चालतं! ... तिसरी गेली की मात्र सगळा कारभार आटोपला. खॉक खॉक खॉक! ... गेली की ओढून बाहेर काढायची, टाकून द्यायची, दुसरी आणून बसवायची. त्यात रडायचं काय एवढं? ... आणि कुणाला सांगायला लाजू नका! धाकटीला तर मी स्वतः सांगणार आहे!"

फोन ठेवून मी हाक मारली, "हं, पाठवा पुढचा!"

कुणी येईना. बाहेर डोकावले तर खुर्च्या रिकाम्या! पंखा फिरतोय, मासिकं उघडी पडलीत. जिन्यात एक गालाला रुमाल बांधलेले आजोबा तेवढे सापडले.

"अहो, तुमची दाढ?"

"थांबली!" त्यांनी खालूनच सांगितलं. "एकदम थांबली! काय गुण आहे तुमच्या हाताला!" आणि कठडा धरायचाही सोडून ते उतरले.

भोंगा खिडकीत तोंडाला दोन मास्क लावून उभी होती. "डॉक्टर, तुम्ही घरी जाऊन पडा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. मला वाटलं, धुळीनं खोकतेय म्हणून काळजी करतेय. गुणी मुलगी!

दुपारी धाकटीचा फोन. मी याचीच वाट बघत होते! कुणाकडून तरी कळलेलं दिसत होतं, कारण तिचा आवाज चांगलाच उतरला होता.

"ताई... मी ऐकलं ते खरं का? तुमच्याकडे टीबी?"

"आहे!" मी खुर्चीत रेलले. "ऐंशी!"

"ऐंशी?" तिला श्वासच घेता येईना. "ऐंशी म्हणजे... खूपच झाला की हो!"

"झालाय खरा. आम्हाला अर्धवट काही आवडत नाही."

"कधीपासून?"

"घरात आजच. पण माझ्या मनात केव्हाचं होतं. तुमच्याकडूनच तर आलं हे."

"आमच्याकडून?" ती किंचाळली.

"मग? तुमच्याकडे आधी होताच ना? आई तुमच्या घरी रोज तीन-तीन तास त्यातच बसतात! यांनाही मी म्हटलं, धाकटीकडे आहे, मग आपल्याकडे का नको?"

पलीकडून एक बारीक हुंदका आला आणि फोन बंद झाला.

जळली! मी मनात म्हटलं. पार कोळसा झाला! बरेच दिवसांनी मला चहा गोड लागला.

संध्याकाळी मी घरी पोचले, हेही आले होते, आणि दारात टॅक्सी थांबली. उतरल्या कोण? सासूबाई! एका हातात बॅग, दुसऱ्या हातात संत्र्यांची पिशवी, तोंडाला रुमाल घट्ट बांधलेला. मी अक्षरशः धावले.

"आई! आलात!"

"येणार नाही तर काय? घरात असं असताना मी तिकडे बसून राहीन?"

"कळलं वाटतं तुम्हाला?"

"गावभर झालंय. धाकटी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, जाऊ नका, तुम्हालाही लागेल."

"नाद ना? लागायचाच!"

"मी म्हटलं, लागला तर लागला! या वयात माझं काय व्हायचं राहिलंय? तिला बाजूला सारलं आणि निघाले."

माझ्या छातीत आनंद मावेना! धाकटीला बाजूला सारून! बत्तीस सोडून ऐंशीकडे! मी त्यांचा हात धरला आणि खोलीकडे ओढायला लागले. "चला, आधी बघा तरी!"

"तू आधी आडवी हो."

"आई, बघा तर खरं, किती मोठी आहे!"

"बोलू नकोस, दम लागेल. जीभ बाहेर काढ. अगंबाई, केवढी सुकलीय ही पोर! अरे, तू नवरा आहेस की कोण? हिला असं कामाला पाठवतोस?"

मी खोलीचं दार उघडलं. घूंऽऽ! निळे-हिरवे दिवे लुकलुकत होते. सासूबाई उंबऱ्यातच थबकल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"इतक्यात यंत्रावर ठेवलं तुला?"

"मला नाही, आई! हे तुमच्यासाठी!"

"माझ्यासाठी?" त्यांनी भिंत धरली. "म्हणजे... माझ्याही छातीत?"

"अहो, बसा तर! एकदा सुरू झालं की तुम्हाला सगळ्याचा विसर पडेल!" मी त्यांना पलंगावर बसवलं, टीव्ही लावला, रिमोट त्यांच्या हातात दिला आणि त्यांचं बोट धरून बटण दाबलं. पेटी घुंघावली, कडकडली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: काहीही सापडलं नाही.

पुन्हा दाबलं. काहीही सापडलं नाही.

"अहो, सिनेमे कुठे आहेत?"

"कुठले सिनेमे?" हे म्हणाले.

"यातले!"

"तू घातलेस का?"

ऐंशी टीबी घेतले, धूळ पुसली, पलंग हलवला. आत काहीतरी भरावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! जगातलं सगळ्यात मोठं रिकामं तोंड आमच्या घरात आ करून बसलं होतं.

सासूबाई आता रुमाल सोडून एकदा माझ्याकडे, एकदा पेटीकडे बघत होत्या. "मला कळेल असं कुणीतरी सांगा. हिला टीबी झालाय की नाही?"

"टीबी? मला?"

"धाकटी म्हणाली, ऐंशी झालाय!"

यांचं काम शेवटी असंच आहे, लिफ्ट अडकली की शांतपणे दार उघडायचं. "आई," ते म्हणाले, "टीबी हे माप आहे. वजनाला किलो, तसं हार्डडिस्कला टीबी. हिनं ऐंशीची पेटी आणलीय. तब्येत ठणठणीत आहे."

सासूबाईंनी संत्र्यांची पिशवी पलंगावर आपटली.

"म्हणजे मी धाकटीशी भांडून, टॅक्सी करून, संत्री घेऊन धावत आले ती या कपाटाच्या मापासाठी?"

तेवढ्यात धाकटीचा फोन आला. भोंग्यानंच तिला कळवलं होतं, हे आता उघड झालं. मी घाईघाईनं खरं काय ते सांगितलं.

"ताई!" ती ओरडली. "आम्ही दोघं छातीचे फोटो काढून आलो!"

"कसे आलेत?"

"चांगले आलेत!"

"मग झालं तर," मी म्हणाले. तिनं फोन आपटला. त्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

पण सासूबाई बॅग उचलायला वाकल्या, आणि माझा धीर सुटला. "जा, जा परत!" मी म्हणाले. "तिच्याकडे सिनेमे आहेत, माझ्याकडे नुसतं खोकं! तिच्याकडे तुम्ही खदखदून हसता. माझ्याकडे कधी हसलात अशा? हो, वाटला मला हेवा! इतका वाटला, की आपल्याच फ्रिजचं दार उघडं ठेवून मी तुमच्या 'हंऽऽ'ची वाट बघत बसले!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यांनी पेटी बंद केली. एवढी शांतता झाली की कानाला खुपली.

सासूबाई बॅग ठेवून बसल्या. "वेडी का काय तू? तिथं सिनेमा लावला की मी झोपते."

"मग परत का येत नव्हतात?"

त्यांनी यांच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तुला राग येईल."

"सांगा तर!"

त्यांनी तोंडात दोन बोटं घातली, खट्‌ केलं, आणि कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. वरची नि खालची. मी स्वतः केलेली, गेल्या वाढदिवसाला त्यांना भेट दिलेली!

"चावते गं ही," त्या बोळक्या तोंडानं म्हणाल्या. "उजवीकडे टोचते. हसले की जास्त टोचते. तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस, बघा, आईंचे दात बघा, माझं सगळ्यात सुरेख काम! मग तुला कुठल्या तोंडानं सांगू? धाकटीकडे मी काढून डबीत ठेवते, पेज खाते, आणि धाकटी माझ्यासारखं बोळकं तोंड करून बोलते. मग आम्ही दोघी हसतो."

बत्तीस टीबी, ऐंशी टीबी, आठ डिस्क, विमानाएवढा आवाज! आणि प्रकरण होतं उजव्या हिरडीवरच्या तांदळाएवढ्या जागेचं! आमच्या ह्यांनी कवळी उचलून तिची उजवी बाजू दोनदा दाबून पाहिली. असले नवरे बोलत नाहीत तेव्हाच जास्त बोलतात.

सकाळी मी सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेले. गर्दीचा प्रश्नच नव्हता, अख्ख्या भागाच्या दाढा थांबलेल्या होत्या! एकटा संगणकवाला दुकानदार दुसऱ्या खेपेला आला होता, तोही हातानं मला अडवत.

"मॅडम, इंजेक्शनच्या आधी मला दोन वाक्यं बोलू द्या! मी 'चार' म्हणत होतो. चार! आणि म्हणत होतो, की एवढं मोठं घेऊन त्यात भरणार काय? ती पेटी घरासाठी नाहीच, कान जातील तुमचे!"

"मग पेटी परत घेता?"

"आजच गाडी पाठवतो. माझी दाढ मात्र पुरी करा."

गुणी माणूस! मी त्याला बाहेर बसवलं आणि सासूबाईंना खुर्चीत घेतलं. टोचणारी जागा शोधली, घासली, गुळगुळीत केली, बसवली, पुन्हा काढली, पुन्हा घासली. "आता?"

त्यांनी दात मिटले, उघडले. मी त्यांच्या हातात एक कच्चं गाजर दिलं. त्यांनी भीत भीत उजव्या बाजूनं चावलं.

कडाक्‌!

बाहेर दुकानदार दचकला. सासूबाईंनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आख्खं गाजर संपवलं आणि माझा हात हातात घेतला. "काय गं हात तुझा! खरंच सुरेख काम! काही म्हणता काही टोचत नाही."

मी हत्यारं बाजूला सारली. "आई, आता घरी जाऊ. खोली रिकामी होईल आज. तुम्हाला काय खायचं ते सांगा, मी करते."

"तू?" सासूबाई क्षणभर थांबल्या. फार प्रेमानं थांबल्या, हे मान्य करायला हवं. "नको, तू दमतेस. असं कर, मला टॅक्सी बोलावून दे."

"टॅक्सी? कुठे?"

"धाकटीकडे! अगं, रोज काय काय करायची ती! कुरकुरीत, खमंग, सगळं माझ्यासमोर ताटात यायचं, आणि मी आपली पेज पीत बसायची! आता दात आलेत, तर एकदा सगळं खाऊन घेते. महिनाभरात येते."

टॅक्सी आली. मी दार उघडून दिलं, बॅग ठेवली, उरलेली संत्रीसुद्धा दिली. गाडी वळताना सासूबाईंनी खिडकीतून हात हलवला आणि त्या हसल्या. ओठ मिटून नाही, चांगल्या खदखदून. उन्हात सगळेच्या सगळे दात कसे चमकले! तुम्हाला सांगते, माझ्या हातून इतकं देखणं काम पूर्वी झालं नव्हतं.

मी दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून बघत राहिले. आता महिनाभर, दात माझे आणि हसू धाकटीचं!